ओढून बघ

डॉक्टरीणबाईंचा उजवा हात स्वतःच्या मर्जीने हलायला लागला, तेव्हा त्यांनी आपणहून दवाखान्याची पाटी उतरवली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. उभं आयुष्य लोकांच्या तोंडात सुया आणि चिमटे घालण्यात गेलं होतं. तिथे थरथरणाऱ्या हाताला जागा नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. पेशंटची खुर्ची एका नव्या दंतवैद्याला देऊन टाकली, हत्यारांचा डबा तेवढा घरी आणला. नातेवाईक म्हणाले, बाई किती समजूतदार! आता विमानांचा नादही सोडतील.

इथेच सगळ्यांचा अंदाज चुकला. दवाखाना सोडला म्हणून विमानंही सोडायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. बाईंची विमानं म्हणजे दोन्ही हात पसरावेत एवढ्या पंखांची, बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाची, हातातल्या रिमोटवर उडणारी. विमानांना एकदा 'खेळणी' म्हणालेल्या भाच्याशी बाई पुढे कितीतरी दिवस धड बोलल्या नव्हत्या.

"पेशंटला दुखतं, म्हणून पेशंट सोडले," त्या म्हणाल्या. "लाकडाला दुखत नाही. मग लाकूड का सोडू?"

त्यांच्या यजमानांनी हे ऐकून घेतलं. काळजी मात्र पोत्याने होती. या गृहस्थांना सगळे काका म्हणत. बायको डॉक्टरीणबाई आणि आपण नुसतेच काका, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. विमा कंपनीत नुकसानीचे अंदाज काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. जिना दिसला की त्यांना त्यावरून घसरलेला माणूस दिसे, गॅसची शेगडी दिसली की जळालेलं स्वयंपाकघर. अशा माणसाच्या बायकोने थरथरत्या हाताने धारदार पातं वापरायचं म्हटल्यावर त्यांना रात्रीची झोप कशी लागावी?

"अगं, पोरीने एवढं तयार विमान पाठवलंय," ते खोलीच्या दारात उभे राहून म्हणत. "फोमचं. त्यात काही म्हणजे काही करावं लागत नाही. डब्यातून काढायचं नि उडवायचं."

"काही करावं लागत नाही, हाच तर त्यातला दोष आहे."

"बिजागऱ्यासुद्धा लावलेल्या आहेत त्यात."

"दुसऱ्याने लावलेल्या." बाई मान वर न करता म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला. फोमचं विमान कपाटावर चढलं आणि धूळ खात बसलं.

आता, या बिजागऱ्या म्हणजे काही दारा-खिडक्यांच्या नव्हेत. विमानाच्या पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला एकेक पट्टी असते. ती वरखाली किंवा इकडेतिकडे हलते आणि तिच्या हलण्यावर विमान चढतं, उतरतं, वळतं. ती पट्टी धरून ठेवतो तो कापडासारखा लवचीक, नखाएवढा तुकडा म्हणजे बिजागरी. अर्धा पट्टीत, अर्धा पंखात. दोन्हीकडे नेमकी समोरासमोर खाच पाडायची, तुकडा आत सरकवायचा, पाण्यासारखा पातळ गोंद सोडायचा, झालं. सगळ्या विमानात सर्वांत कंटाळवाणं काम हेच. आणि वर आकाशात यातली एक जरी सुटली, तर पट्टी फडफडायला लागते, शेजारचीलाही उपटते, आणि मग खाली उभ्या असलेल्या माणसांनी पळत सुटावं, दुसरा इलाज नसतो.

थरथरत्या हाताने अशी खाच पडेल का? पडणार नाही, हे बाईंना पहिल्या दिवशीच कळलं. तीन पट्ट्या वाकड्यातिकड्या चिरून झाल्यावर त्या उठल्या, तोंडावर पाणी मारून आल्या आणि टेबलासमोर उभ्या राहून स्वतःशीच भांडल्यासारख्या म्हणाल्या, "हातात धरलेलं हलतं ना? मग हातात काही धरायचंच नाही."

त्यांनी पातं टेबलाच्या कडेला लोखंडी शिकंज्यात आडवं आवळलं. त्याच्यासमोर गुळगुळीत फळी ठेवली, तिच्याखाली जुन्या ओळखपत्रांचे पुठ्ठे सरकवून उंची अशी साधली की पात्याची धार लाकडाच्या बरोबर मध्यावर यावी. आणि मग लाकूड फळीवर ठेवून, कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन्ही हात त्यावर दाबून, अख्खं लाकूडच पात्यावर नेलं. हात असा टेबलाला टेकून दाबला की त्याची निम्मी मस्ती तिथेच जिरते. खाच सरळ पडली. बाईंनी ती भिंगातून पाहिली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि एकट्याच मोठ्याने हसल्या. काका धावत आले, त्यांना वाटलं बोट कापलं.

गोंदाचंही तसंच. बाटली स्टँडला उलटी बांधली. तिच्याखाली जोड आणायचा, कोपराने बाटली दाबायची, दोन थेंब. मग उलट बाजू वर करायची, पुन्हा दोन थेंब. पूर्वी एका दुपारी उरकणारं काम आता दिवसच्या दिवस चाले. चालू दे, बाईंना कुठे गाडी गाठायची होती?

शेपटीच्या डाव्या पट्टीला वरून गोंद सोडून झाला आणि मुलीचा फोन आला. मुलगी परगावी असते, तिथून तिची काळजी रोज येते.

"आई, बाबा सांगत होते, मैदानावरचं विमानवाल्यांचं मंडळ तुला मानद सदस्य करतंय म्हणे. किती छान!"

"मानद म्हणजे काय ते माहितेय का तुला? सावलीत खुर्ची, छातीवर बिल्ला आणि उडवायचं काहीही नाही."

"अगं, पण मान आहे तो."

"मेल्यावर फोटोलाही मान असतो. मी त्यांना सांगून आलेय. रविवारी माझं विमान आणते, सगळ्यांचं तपासता तसं तपासा. ऊन उतरायच्या आत त्यावर पासचा स्टिकर लागला, तर मी उडवीन. नाही लागला, तर मुकाट्याने त्या खुर्चीत जाऊन बसेन. कायमची."

"आई, तू पण ना! कशाला असल्या पैजा घेतेस? तुझी तब्येत…"

"तब्येत बिघडलीय ती हाताची, माझी नाही," बाई कडाडल्या आणि फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच तिरमिरीत त्यांनी डावी पट्टी बाजूला ठेवली आणि उजवी पुढे ओढली.

रविवारी मैदानावर नेहमीची मंडळी होती. गवत कापून केलेली धावपट्टी, पत्र्याची शेड, शेडखाली लांब टेबल आणि टेबलापाशी पक्कड. पक्कड हे त्या माणसाचं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्याच्या घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात नसावं. बिचारा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी इथे नव्या विमानांची तपासणी. त्याची तपासणी म्हणजे एकच गोष्ट: प्रत्येक बिजागरीपाशी पट्टी दोन बोटांत धरायची आणि ओढायची. कशी? त्याने ओढली की विमानाचा मालक डोळे मिटून घेत असे. भल्याभल्यांच्या शेपट्या त्याच्या हातात आल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षांची तर सलग दोनदा. त्यावरून ते आठवडाभर रुसले होते, पण स्टिकर काही मिळाला नव्हता.

बाईंनी विमान टेबलावर ठेवलं. पिवळे पंख, निळी शेपूट. आजूबाजूचे बोलायचे थांबले. कुणीतरी शेडच्या सावलीत ठेवलेली ती खुर्ची हळूच पुढे सरकवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पक्कडने उजव्या पंखाची पट्टी दोन बोटांत धरली. ओढल्यासारखं केलं. डाव्या पंखाची धरली, ओढल्यासारखं केलं. शेपटीच्या उभ्या पट्टीला नुसता हात लावला. आडव्या पट्ट्यांपाशी येईपर्यंत तर त्याने खिशातून स्टिकर काढलाही होता.

"एकदम पक्कं काम, बाई!" तो म्हणाला आणि पंखावर हिरवा स्टिकर चिकटवला. आणि मग टाळ्या झाल्या. या शेडखाली आजवर कुणाच्या स्टिकरला टाळी पडली नव्हती.

बाई त्या स्टिकरकडे पाहत राहिल्या. काका मागून पुटपुटले, "झालं बरं का! चला, आता पटकन एक फेरी मारू नि घरी जाऊ."

"काढ तो," बाई पक्कडला म्हणाल्या.

"काय?"

"स्टिकर. काढ. तू ओढलंस कुठे?"

"ओढलं की, बाई. सगळ्यांसमोर ओढलं."

"गोंजारलंस." बाईंचा आवाज चढला. "तुझी अक्कलदाढ कुणी काढली रे?"

पक्कडने कसनुसं हसून गालाला हात लावला. "तुम्हीच."

"मी ती अशी ओढली असती, तर आज इथे उभा राहून तू सुजलेल्या तोंडाने बोलत असतास. तेव्हा मी तुझी दया केली होती का?"

"नाही केली," पक्कड मनापासून म्हणाला. कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग आज माझी का करतोस? ती माणसं उभी आहेत बघ तिकडे, कठड्याला टेकून. वर गेल्यावर शेपूट निखळली आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या टाळक्यात बसली, तर काय सांगशील? बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी नीट बघितलं नाही?"

 पक्कडची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे गेली. एवढंच झालं. पण बाईंनी आयुष्यभर घाबरलेली तोंडं वाचली होती. तोंड उघडायच्या आधीच कुठे दुखतंय हे त्यांना कळायचं. त्या सावकाश मागे वळल्या.

"अहो, तुम्ही काय केलंत?"

काका चष्मा पुसत होते. "मी? मी कुठे काय… फक्त एक फोन केला काल."

"कुणाला?"

"त्याला. म्हटलं, जरा सांभाळून घे."

बाईंना आधी राग आला नाही, आधी फार वाईट वाटलं. एवढं वाईट, की दुसरीकडे बघावं लागलं. हात हलतो म्हणून त्यांनी कधी कुणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. जगाने दया करावी, त्याचं काय एवढं? पण हा माणूस रोज त्या खोलीच्या दारात उभा होता. खाच सरळ पडली तेव्हा धावत आला होता. सगळं डोळ्यांनी बघून त्याने शेवटी फोन केला!

मग राग आला, आणि चांगला सपाटून आला.

"नुकसानीचा अंदाज काढलात ना? माझा काढलात! काय निघाला आकडा? पूर्ण बाद?"

"अगं, असं काय बोलतेस? चारचौघांत तुझा पाणउतारा होऊ नये म्हणून…"

"होऊ दे की! इथे प्रत्येकाचा झालाय. अध्यक्षांचा दोनदा झालाय. मला नापास व्हायचासुद्धा हक्क नाही का?"

 अध्यक्ष आभाळाकडे बघायला लागले.

बाईंनी स्वतःच स्टिकरला हात घातला. तो नखाने सुटेना. नख घसरत होतं, बोट थरथरत होतं, कोपरा धरला की सुटत होता. सगळे बघत होते आणि मदतीला पुढे यायची कुणाची छाती होत नव्हती. बराच वेळ गेला. शेवटी एक कोपरा उचलला गेला आणि बाईंनी तो स्टिकर सर्रकन उपटून टेबलाखाली टाकला.

"आता ओढून बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईची शपथ घेऊन ओढ."

पक्कडने हात पँटला पुसले. मग त्याने खरंच ओढली. उजव्या पंखाची पट्टी ओढली तेव्हा अख्खं विमान टेबलावर पुढे सरकलं. बिजागरी हलली नाही. डावा पंख, तेच. शेपटीची उभी पट्टी, तेच. आडवी उजवी, तेच. पक्कडच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना, खवट, कामाचा भाव परत येऊ लागला, आणि तो बघून बाईंना बरं वाटलं. मग त्याने डावी आडवी पट्टी धरली, ओढली, आणि चट्‌कन आवाज होऊन पट्टी त्याच्या हातात आली.

 दुसऱ्या कुणाची असती, तर हशा पिकला असता, मालकाच्या नावाने शेड दणाणली असती. आता मात्र सगळे जमिनीकडे बघत होते. आणि कुणा भल्या माणसाने, अगदी मायेने, त्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली.

"इकडे दे," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवून भिंगातून पाहिली. तिन्ही बिजागऱ्या पट्टीतच रुतलेल्या होत्या. पट्टीकडचं अर्धं गोंद पिऊन काचेसारखं कडक झालं होतं. शेपटीकडचं अर्धं मात्र कोरडं, पांढरंशुभ्र.

"कळलं," त्या म्हणाल्या. "वरून गोंद सोडला, तो सगळा पट्टीकडे ओघळला. खालून सोडायचा राहिला. पोरीशी फोनवर भांडत होते, त्या नादात." त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही हाताची चूक नाही, डोक्याची आहे. डोक्याच्या चुका इथे ज्याने केल्या नाहीत त्याने पुढे यावं."

कुणी आलं नाही. पक्कड तर एक पाऊल मागेच सरकला, कारण शेपटीची वायर न जोडताच विमान सोडण्याचा पराक्रम त्याच्या नावावर होता.

"ऊन अजून उतरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "दुरुस्त करून त्याच दिवशी पुन्हा दाखवता येतं, हा नियम आहे ना?"

"आहे," पक्कड म्हणाला. "पण बाई, मी लावून देतो. दोन मिनिटांचं काम."

"विमान कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग बाजूला हो."

बिजागऱ्या खाचेत परत बसवणं अवघड गेलं नाही. शेपूट पोटाशी धरली, पट्टी तिच्यासमोर आणली, हात टेबलाला दाबून हळूहळू आत रेटली. तिन्ही आपापल्या खाचेत गेल्या. पण गोंद? घरचा स्टँड घरी राहिला होता. बाईंनी बाटली हातात घेतली. पहिला थेंब टेबलावर पडला. दुसरा निळ्या शेपटीच्या मध्यावर पडला आणि तिथेच पांढरा डाग होऊन वाळला. तिसरा त्यांच्याच अंगठ्यावर. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्याने बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली.

त्यांनी सोबत आणलेला हत्यारांचा डबा उघडला. त्यातून दात तपासायची लांब सळई काढली, टोकाशी बारीक आकडा असलेली. बाटलीच्या टोपणात थोडा गोंद ओतला. टोपणात पडला त्याहून जास्त बाहेर सांडला, तरी टोपणात पुरेसा होता. आणि मग त्यांनी ती सळई सरळ दातांत धरली.

दाताने झाकणं उघडू नका, दाताने दोरा तोडू नका, तोंडात भलतंसलतं धरू नका, असं सांगून सांगून त्यांनी किती पेशंटना रडवलं होतं, त्याची गणती नाही. त्यातले दोघे-तिघे या क्षणी शेडखालीच उभे होते.

"अगं, अगं!" काका पुढे धावले. "ओठ चिकटतील!"

बाईंनी सळई तोंडातून काढली. "चिकटले तर तुमचाच फायदा आहे," असं म्हणून पुन्हा दातांत धरली.

हशा फुटला. पक्कड हसला, अध्यक्ष हसले. काकांना हसू आवरेना आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

हात हलत होता, मान हलत नव्हती. बाईंची मान कधी हललीच, तर ती नाही म्हणण्यासाठी हलायची. दोन्ही हातांनी विमान टेबलावर दाबून त्या खाली वाकल्या. आकड्याचं टोक गोंदात बुडवलं, जोडाला टेकवलं. थेंब क्षणभर तिथे थांबला आणि लाकडाने तो आत ओढून घेतला. पुन्हा बुडवलं, पुन्हा टेकवलं. एक बिजागरी, दुसरी, तिसरी. मग त्यांनी विमान उलटं केलं आणि या वेळी खालची बाजू विसरल्या नाहीत. शेवटचा थेंब सोडून त्या ताठ झाल्या तेव्हा कंबर धरली होती आणि हनुवटीवर लाळ आली होती. ती त्यांनी बाहीने पुसली. लाजबीज काही वाटली नाही.

गोंद धरेपर्यंत सगळे उभे राहिले. मग पक्कडला सांगावं लागलं नाही. त्याने एका हाताने विमानाचं धड धरलं, दुसऱ्याने पट्टी, आणि दात-ओठ खाऊन ओढली. एकेका बिजागरीपाशी ओढली. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या.

"अजून," बाई म्हणाल्या.

"आता लाकूड तुटेल, बाई."

"मग तुटू दे लाकूड. बिजागरी सुटतेय का ते बघ."

लाकूड तुटलं नाही, बिजागरी सुटली नाही. पक्कडने नवा स्टिकर काढला आणि थोडा रागानेच पंखावर थापला. टाळ्या पडल्या नाहीत. बाईंना अगदी हेच हवं होतं.

विमान धावपट्टीवर आलं. बाईंनी रिमोट गळ्यात अडकवला. बोटं हलत होती, त्यांच्यासोबत रिमोटच्या कांड्याही हलत होत्या. पण बाईंनी रिमोटमध्ये आधीच अशी सोय करून ठेवली होती, की कांडी मधल्या जागेच्या जवळपास कितीही वळवळली तरी विमानाने तिकडे लक्ष द्यायचं नाही. जोराने ढकलली तरच ऐकायचं. पिवळे पंख गवतावरून पळाले आणि उचलले गेले.

काका शेजारी उभे होते आणि त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

"डोळे उघडा," बाई आकाशातून नजर न काढता म्हणाल्या. "फोन करायला डोळे उघडे होते ना?"

काकांनी डोळे उघडले. विमान उन्हात वळलं, चढलं, वर जाऊन उलटं झालं आणि गोल फिरून परत सरळ आलं. शेपूट जागच्या जागी होती. बाईंनी एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसरी केवळ अध्यक्षांच्या डोक्यावरून न्यायची म्हणून मारली. त्यांना मनातून इतका आनंद झाला होता, की तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी भुवया आक्रसून ठेवल्या होत्या.

पण उतरताना वारा आडवा झाला. बाईंनी विमान खाली आणलं ते जरा जोरात आलं. या मैदानावर उतरण्याचा एक वेगळाच जाच असतो. चाकं टेकल्यावर विमानाने उडी मारली की बघणारे सगळे मिळून ती मोठ्याने मोजतात. जितक्या उड्या, तितकी त्या माणसाची पुढे थट्टा. अध्यक्ष असो नाहीतर काल आलेला नवखा, यातून कुणी सुटत नाही. बाई आजारी पडल्यापासून मात्र त्यांच्या उड्या कुणी मोजल्या नव्हत्या. बाई मंडळाचं एखादं जुनं विमान घेऊन उडवत, ते धाड धाड आपटत उतरे, आणि शेडखाली चिडीचूप.

चाकं टेकली. विमान टणकन उडालं.

शेडखाली आवाज नाही. बाईंनी ती शांतता ऐकली. म्हणजे एवढं सगळं करूनही तेच?

विमान पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं.

"दोन!"

एकच आवाज होता, फाटका, घाबरलेला, बाईंच्या अगदी कानाशी. काकांचा. आयुष्यात ते कधी एवढ्या मोठ्याने ओरडले नसतील. 

"तीन!" पक्कड गरजला, आणि मग सगळी शेड एका सुरात ओरडली, "चार!" विमान गवतात घुसलं, एक चाक सुटून गडगडत लांब गेलं आणि नाक जमिनीत रुतवून ते उभं राहिलं. मागची डावी पट्टी वाऱ्यावर वरखाली होत होती, पण होती तिथेच होती.

"चार कसल्या? तीन!" बाई मागे वळून ओरडल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "शेवटी ते घसरलं, उडालं नाही!"

"चार! चार!" शेडखालून गलका झाला. कुणी पत्रा बडवायला लागलं. अध्यक्षांनी तर दोन्ही हात वर करून चार बोटं नाचवली.

बाईंनी काकांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा यांना. तीन होत्या ना?"

काकांनी चष्मा नीट केला, धावपट्टीवरच्या खुणा एकदा नीट न्याहाळल्या आणि बायकोच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "चारच होत्या. एकही कमी होणार नाही."